मिनिटाला सात श्वास

सुमंतच्या मिशीला पांढरं काहीतरी लागलं होतं. देवयानीने मास्क जरा सरकवून रुमालाने ते पुसलं आणि सहज रुमाल नाकाशी नेला. दही, मध, तुळस.

"काय घेतलंत तुम्ही?"

सुमंतच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. गेली दोन वर्षं त्याची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. चार शब्द बोलायचे तर मध्ये दोनदा थांबावं लागे. त्याने नवऱ्यांच्या जातीला शोभेल असं केलं, म्हणजे डोळे आईकडे वळवले.

प्रभावतीबाई खिडकीशी उभ्या राहून रिकामी वाटी पिशवीत घालत होत्या. "तीर्थ दिलं यांनी," त्या म्हणाल्या. "तीन पळ्या. त्याचं तोंड अगदी कोरडं पडलं होतं, म्हणून उरलेलं मी दिलं. असेल अर्धी वाटी."

"आई! पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून नर्सने तुमच्यासमोर तीनदा सांगितलं!"

"अगं, तीर्थ म्हणजे काय खाणं असतं? निर्जळी एकादशीलासुद्धा चालतं ते."

गंगेकाठी रामघाटावरच्या सप्र्यांच्या घरात या वाक्यावर अपील नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेला जाणारा श्रीनिवास असो की बँकेच्या मुलाखतीला निघालेली ही देवयानी, सुमंतचे वडील बिंदुमाधवशास्त्री यांच्या हातचं पंचामृत घेतल्याशिवाय त्या घरातून कोणी कुठे निघालं नव्हतं. ते जेवणात धरायचं नाही, उपासात धरायचं नाही. त्यामुळे मघाशी नर्सने "कुछ खाया-पिया तो नहीं?" असं विचारल्यावर प्रभावतीबाईंनी अगदी खऱ्या मनाने "कुछ नहीं, बेटा" म्हणून सांगितलं होतं. या बाईंना खोटं बोलता येत नाही, हीच तर पंचाईत.

"किती वाजता दिलंत?"

"साडेआठला. हे पूजा आटपून आले तेव्हा."

आत्ता पावणेदहा झाले होते. पहाटे फोन आला होता, फुप्फुसं मिळाली, ताबडतोब निघा. सहा वाजता, पूजेसाठी मागे राहिलेले शास्त्रीबुवा सोडून, सगळं घर बाबतपूर रस्त्यावरच्या या नव्या हॉस्पिटलात हजर झालं. फुप्फुसं विमानाने आली आणि नऊ वाजता त्यांना जिवंत ठेवणाऱ्या मशीनवर चढली. दुपारी एकला सुमंतला आत घ्यायचं होतं.

देवयानी सासूचा हात धरून बाहेर गेली. ओढत नेलं म्हटलं तरी चालेल.

*

कॉरिडॉरमध्ये श्रीनिवास फोनवर होता. थोरला मुलगा, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात आयुष्य गेलेलं. कुठली गाडी थांबवायची नि कुठली सोडायची याशिवाय दुसरा विचार त्याच्या डोक्यात येत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि आवाज खाली आणला.

"चूप बसायचं. कोणी कोणाला काही सांगायचं नाही."

"भाऊजी, भूल देणार आहेत त्यांना!"

"अर्ध्या वाटीने काय होतंय? जिरून जाईल एकपर्यंत. देवयानी, तिकडे बघ. एकदम बघू नकोस."

पलीकडच्या बाकावर चाळिशीची एक बाई बसली होती. शेजारी चाकं लावलेला छोटा सिलिंडर, नाकात नळी, मांडीवर स्टीलचा डबा.

"इंदू नाव आहे. रामनगरची," श्रीनिवास म्हणाला. "तिलाही पहाटे फोन गेलाय. रक्तगट तोच, माप तेच. आपल्या सुमंतचं काही बिनसलं तर फुप्फुसं तिला. आता जाऊन सांग डॉक्टरांना, पेशंट दही पिऊन बसलाय म्हणून."

प्रभावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाई गं, हे काय करून बसले मी."

"तुम्ही काही केलं नाहीत," खांबाशी बसलेले बिंदुमाधवशास्त्री पहिल्यांदाच बोलले. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ, आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाची आयाही वळून बघेल. "दिलं मी. आणि तीर्थाने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही."

"मामंजी, त्यात दूध आहे. दही आहे. तूप आहे."

"गंगाजलही आहे."

"तेच तर!" देवयानी म्हणाली आणि तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षांत सासऱ्यांसमोर तिचा आवाज इतका कधी चढला नव्हता. चढला तो चढला, पण पाय डॉक्टरांच्या खोलीकडे वळेनात. कारण श्रीनिवास म्हणत होता ते खरं होतं. ही संधी गेली तर दुसरी येईपर्यंत सुमंत राहील का, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं. न सांगण्यातच सगळं आलं होतं.

*

तिकडे आतल्या खोलीत ईशानी फुप्फुसांकडे बघत होती.

श्रीनिवासची ही मुलगी शस्त्रक्रियेत हृदय आणि फुप्फुसांचं काम सांभाळणारी मशीनं चालवते. घरात कोणाला तिचं काम धड सांगता येत नाही. प्रभावतीबाई शेजारपाजारी "ती डॉक्टरच, पण थोडी वेगळी" एवढ्यावर भागवतात. आज मशीनवर तिचे वरिष्ठ होते. घरच्या माणसाच्या केसमध्ये आपण बटणाला हात लावायचा नाही, हा ईशानीचा स्वतःचाच हट्ट, म्हणून ती फक्त आकडे लिहून घेत होती.

पारदर्शक घुमटाखाली दोन्ही फुप्फुसं ठेवली होती. बर्फातून आली तेव्हा राखाडी, फुगलेली, पाण्याने जड झालेली. अपघातात डोक्याला मार बसलेल्या माणसाची होती ती. तो कोण, कुठला, हे घरी विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही. दहा वर्षांपूर्वी अशी फुप्फुसं कोणी घेतली नसती. बघून मान हलवली असती आणि जाळून टाकली असती. इथे त्यांना हळूहळू अंगाइतकी ऊब दिली, एका नळीतून खास द्राव फिरवला, तो आतलं साचलेलं पाणी ओढून घेत होता. श्वासनलिकेत दुर्बीण घालून कफ साफ केला. आणि मशीन त्यांना श्वास देत होतं, मिनिटाला सात.

वर, खाली. वर, खाली. शरीर नाही, छाती नाही, आणि फुप्फुसं आपली निवांत झोपलेल्या माणसासारखी श्वास घेतायत. ईशानीने हे पाचव्यांदा पाहिलं होतं, पण आज तिला रडूच येत होतं.

"पिंक हो रहा है," वरिष्ठ म्हणाले. "लिखो. दाहिना बहुत बढ़िया."

तिने लिहिलं, डोळे पुसले, आणि पाच मिनिटांची सुट्टी मागून बाहेर पळाली.

"आजोबा, मस्त चाललंय! अगदी गुलाबी झाली. पाणी उतरतंय. एकदम टिचन, अगदी ठणठणीत होणार बघा."

कोणीच हसलं नाही. श्रीनिवास घड्याळ बघू लागला, आजीने तोंड फिरवलं.

"क्या हुआ? काय झालं?"

"काही नाही," श्रीनिवास म्हणाला. "तू जा आत."

"थांब," बिंदुमाधवशास्त्री म्हणाले. "मला एक सांग. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं का लागतं?"

"आजोबा, भूल दिली की सगळं ढिलं पडतं. पोटातलं उलटून वर येतं आणि तिथून खाली श्वासनलिकेत उतरतं. माणसाला ठसका लागत नाही, कारण तो बेशुद्ध असतो. पाणी असेल तर दोन तासांत निघून जातं. दूध-बीध असेल तर सहा तास लागतात."

"आणि उतरलं तर?"

"तर काय! आम्ही चार तास खपून जी साफ करतोय, त्याच नव्या फुप्फुसांत सगळी घाण. आंबलेलं दूध. त्याने माणूस मरतो, आजोबा." एवढं बोलल्यावर तिने एकेकाचा चेहरा पाहिला. मुलगी हुशार आहे. "कोणी काय दिलंय काकाला?"

*

बिंदुमाधवशास्त्री उठले.

उठले खरे, पण डॉक्टरांच्या दारापर्यंतची ती वीस पावलं त्यांना रामघाटाच्या पायऱ्यांपेक्षा जड गेली. श्रीनिवास मागून आला, हाताला धरलं. "बाबा, ऐका माझं. ती बाई तयार बसलीय. तुम्ही सांगाल आणि सुमंतच्या हातचं जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या वेदपाठशाळेत एक रीत होती. पाठ म्हणताना स्वर चुकला तर गुरुजी टोकेपर्यंत वाट बघायची नाही. चुकला त्याने स्वतः थांबायचं, "चुकलो" म्हणायचं आणि मागून पुन्हा सुरू करायचं. जो दडपून पुढे जाईल त्याला त्या दिवशी पाठ नाही. चाळीस वर्षांत शेकडो पोरांना त्यांनी हा नियम लावला, सुमंतला तर सगळ्यांत कडक. स्वतःवर मात्र लावायची वेळ कधी आली नव्हती, कारण घरात त्यांना चुकलात म्हणणारं कोणी नव्हतं.

"सोड हात," ते म्हणाले आणि दार ढकललं.

डॉक्टर दिनानाथ चहा पीत उभे होते. मूळचे बलियाचे, बोलायला फटकळ.

"डॉक्टरसाहब, हमसे ग़लती हुई है. साढ़े आठ बजे हमने लड़के को पंचामृत पिलाया. दूध, दही, सब था."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग बोलले ते पोटभर. पंडितजी, हद करते हैं आप लोग, गंगाजल घाट पर रखिए, ये लड़का बाद में इतनी दवा खाएगा कि मच्छर भी उसको बीमार कर दे, आप उसको कच्चा दही पिला रहे हैं! शास्त्रीबुवांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दारात उभ्या देवयानीला वाटलं, हे आपण बघायला नको होतं.

"उसका नंबर कट गया?" बिंदुमाधवशास्त्र्यांनी विचारलं.

"कट जाता," डॉक्टर म्हणाले. "बर्फ का डिब्बा होता तो कट जाता. बर्फ में फेफड़ा मरता रहता है, पंडितजी, हमको घड़ी देखकर भागना पड़ता है. मैं रामनगरवाली को ले लेता और आपसे बात भी नहीं करता. लेकिन अब वो मशीन पर है, साँस ले रहा है. एक बजे नहीं, ढाई बजे ले जाएँगे. डेढ़ घंटा और धुलेगा, उसका भला ही होगा." ते फोन उचलता उचलता थांबले. "अच्छा हुआ, बता दिया. लोग नहीं बताते."

बाहेर आल्यावर बिंदुमाधवशास्त्री सुनेसमोर थांबले. "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं," ते म्हणाले आणि खांबाशी जाऊन बसले. देवयानीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली, आणि त्यांनी ती घेतली.

*

मग वाट बघणं आलं. बारा, साडेबारा, एक.

देवयानी उठून इंदूच्या बाकावर जाऊन बसली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आपके वाले का टाइम बढ़ गया न?" इंदू म्हणाली. तिचाही श्वास तुटत होता. "सुना हमने. पंडितजी का आवाज़ बड़ा है."

"जी."

"झूठ क्या बोलें दीदी. हम यहाँ बैठे-बैठे यही मना रहे थे कि कुछ गड़बड़ हो जाए. फिर गड़बड़ हुई, तो डर लग गया कि हमने मनाया इसलिए हुई."

देवयानीला हसू आणि रडू एकदमच आलं. "मैं आपकी जगह होती तो मैं भी यही मनाती."

"ये हमारा तीसरा बार है. बुलाते हैं, बैठाते हैं, फिर घर." इंदूने डबा उघडला. आत कोरडे चुरमुरे होते, तिलाही खायची बंदीच होती. "घर जाके खाएँगे. लीजिए, आप तो खा सकती हैं." देवयानीने मूठभर घेतले. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

सव्वादोनला डॉक्टर दिनानाथ बाहेर आले. मागे ईशानी, आणि तिचा चेहरा सकाळसारखा नव्हता.

उजवं फुप्फुस उत्तम, डॉक्टर म्हणाले. कोणाही तरुण माणसाचं असावं तसं. डाव्याचं पाणी उतरलं, पण खालच्या भागाला अपघातातच मार बसलाय, आत रक्त साकळलंय, आणि ते मशीनने भरून येणारं नाही. पाणी निघतं, जखम निघत नाही. दोन लावायची होती, आता हातात एकच आहे.

"एक पर आदमी जीता है?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"आराम से जीता है, माताजी. चलेगा, सीढ़ी चढ़ेगा, बच्चों को पढ़ाएगा."

श्रीनिवासने वडिलांकडे पाहिलं आणि त्यांच्या मनातला प्रश्न स्वतःच विचारून टाकला. "और वेदपाठ? लंबा पाठ, एक साँस में?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "वो वादा मैं नहीं करूँगा. दो होते तो शायद. आप चाहें तो मना कर दीजिए, ये हम उनको लगा देंगे, आप जोड़ी का इंतज़ार कीजिए. महीना लगे, छह महीना लगे. छह महीना उसके पास है कि नहीं, ये मैं नहीं जानता. दस मिनट में बताइए."

सगळ्यांच्या माना सवयीने बिंदुमाधवशास्त्र्यांकडे वळल्या. सप्र्यांच्या घरात सात पिढ्या पाठ चालत आला होता आणि आता तो म्हणणारा सुमंत एकटाच उरला होता. श्रीनिवास रेल्वेत गेला तेव्हा बापाने दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. सातव्या वर्षी सुमंतला समोर बसवला, पोराने कधी नाही म्हटलं नाही, आणि त्याच्या दमाचं नाव पुण्या-नाशकापर्यंत झालं. तो दम जावा आणि पोर राहावा, की दोन्हींसाठी देवाच्या भरवशावर थांबावं? म्हाताऱ्याच्या मनात दुसरा, म्हणजे थांबायचा विचार आला. आला म्हणजे आलाच, कबूल करायला हवं.

"लावा म्हणा हो," प्रभावतीबाई रडत म्हणाल्या. "माझा मुलगा मला हवाय."

"बाबा, तुम्ही बोला," श्रीनिवास म्हणाला.

शास्त्रीबुवा देवयानीकडे वळले.

"त्याला कोणी विचारलंय का?"

कोणी विचारलं नव्हतं. पेशंट आत जागा होता, शुद्धीत होता, आणि सहा माणसं बाहेर त्याच्या फुप्फुसांची वाटणी करत होती.

*

सुमंतने सगळं ऐकलं. देवयानीने सांगितलं, एकही शब्द न गाळता, पाठाचंही.

त्याने मास्क जरा बाजूला केला. "सकाळी... मला माहीत होतं. घ्यायचं नसतं."

"मग बोलला का नाहीस?" बिंदुमाधवशास्त्री म्हणाले. "नाही म्हणायचंस!"

"तुम्ही... विचारलंत कुठे." दोन श्वास. "पळी... तोंडाशीच होती."

देवयानीने खाली पाहिलं. म्हाताऱ्याने कॉटचा कठडा पकडला. शेहेचाळीस वर्षांचा मुलगा, आणि त्याला काय हवंय हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"आता विचारतो," ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता. "थांबायचं, की एक लावायचं? तू म्हणशील तसं."

"एक पुरे."

"पाठ सुटेल, सुमंता."

"सुटू दे, बाबा." त्याने वडिलांकडे सरळ पाहिलं. "मला... हिच्याशी... एक वाक्य... न थांबता... बोलायचंय."

देवयानीला हुंदका आवरला नाही. तिने नवऱ्याचा हात धरला आणि कोणाची भीड न बाळगता ती रडली.

ईशानीने कागद पुढे केला. आधी पेशंटची सही, सुमंतने वेडीवाकडी केली. मग पत्नीची. खाली साक्षीदाराची जागा होती. घरातला कुठलाही कागद आजवर वरून, पहिल्या रकान्यातून बिंदुमाधवशास्त्र्यांच्या नावाने सुरू व्हायचा. त्यांनी सगळ्यांत खालची ती ओळ शोधली, चष्मा नीट केला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

"इंदूला निरोप दे," ते कागद परत देताना म्हणाले. "नाही, तू नको. मीच बोलतो तिच्याशी." मग मुलाच्या कपाळावर हात ठेवला. "सुटू दे," ते म्हणाले. "तू ये परत."